आत्याची बोली

माझी आत्या बूट शिवते. साधे नाहीत. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असलेल्यांचे, टाच जमिनीला न टेकणाऱ्यांचे, अपघातात बोटं गेलेल्यांचे. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘बूट’ एवढंच लिहिलंय. आत्याचं म्हणणं असं की ज्याला गरज आहे तो विचारत विचारत येतो, आणि ज्याला नाही त्याला सांगून काय करायचं.

मागच्या खोलीत भिंतभर लाकडी साचे टांगलेत, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा एकेक जोड. त्यांच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: ‘पोस्टमन, डावा वाकडा’, ‘पोहायला शिकवणाऱ्या बाई’, ‘कुत्रेवाला’. नावं आत्याच्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. मला ती चिमणी म्हणते. मी एकोणतीस वर्षांची आहे, रक्तपेढीत काम करते आणि तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी चिमणीच.

त्या खोलीत जाड सोल शिवायचं एक जुनं मशीन आहे. त्याचा लांब वाकडा हात बुटाच्या आत पार चवड्यापर्यंत शिरतो, आणि वरून सुई येऊन सोल नि चामडं एका टाक्यात धरते. गेल्या वर्षी त्या हाताला तडा गेला. वेल्डिंगवाल्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “बिडाचं लोखंड आहे, बाई. जोडून देतो, पण टिकेल असं काही सांगत नाही.” नऊ दिवस टिकलं.

तेव्हापासून आत्या हातानं शिवायला लागली. आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा ओढायचा, पुढचं भोक. आठवड्याला दोन जोड व्हायचे, तिथं दोन आठवड्यांना एक व्हायला लागला. अंगठा सुजून टोमॅटोसारखा झाला. आणि तिच्या गिऱ्हाइकांत एक अकरा वर्षांची मुलगी होती, एक पाय चार बोटं आखूड. वाढतं वय, त्यामुळे दर सहा महिन्यांनी नवे बूट लागायचे. तिची आई दर शनिवारी दारात येऊन नुसती उभी राहायची, काही विचारायची नाही. आत्याला तेच जास्त लागायचं.

नवी मशीनं मिळतात, पण ती कारखान्याची. एकेक आमच्या दुकानाएवढं. आत्याचं मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. म्हणून मी लिलावाच्या साइटवर शोधायला लागले, आणि तिथं अगदी तसंच एक दिसलं. सात दिवसांचा लिलाव होता.

“न बघता, न हात लावता घ्यायचं?” आत्या म्हणाली. “मी पाय बघितल्याशिवाय चामड्याला रापीसुद्धा लावत नाही.”

“फोटो बारा आहेत.”

“फोटोत लग्नं जमतात. पुढचं काय होतं ते आपण बघतोच.”

पण तिनं फोटो पाहिले. एकदा, मग चष्मा पुसून पुन्हा. त्या संध्याकाळी मी तिला बोली कशी लावायची ते दाखवलं आणि रात्रपाळीला गेले. तीच चूक झाली.

सकाळी आले तर आत्या लढाई करून आल्यासारखी बसली होती. तिनं एक बोली लावली, तर लगेच दुसऱ्या कुणीतरी तिच्यावर एक पायरी चढवली. तिनं पुन्हा वाढवली, त्यानं पुन्हा. असं एकवीस वेळा. किंमत सुरुवातीच्या तिप्पट झाली होती आणि आता सगळ्यात वर आत्या होती.

“शेवटी दमला,” ती म्हणाली. “मी काही कमी नाही.”

“आत्या, तिथं कुणी जागं नव्हतं गं. त्यानं आधीच एक मोठा आकडा लिहून ठेवला होता. साइट त्याच्या वतीनं आपोआप एकेक पायरी वाढवत होती. तू यंत्राशी भांडत होतीस.”

आत्या जराशी ओशाळली. “तरीच. एवढ्या लगेच कुणी उत्तर देत नाही.”

पुढचे पाच दिवस ती वरच होती. शेवटच्या दुपारी आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसलो होतो. दहा सेकंद, नऊ, आठ. सात सेकंद उरले असताना ‘जुनं लोखंड’ नावाच्या माणसानं बोली लावली. हा तो पहिल्या रात्रीचा नव्हताच, कुणी तिसराच होता. आत्यानं चष्मा वर केला, खाली केला, आणि तेवढ्यात लिलाव संपला. आमच्या तोंडाला पानं पुसून जुनं लोखंड मशीन घेऊन गेला.

“ही चोरी आहे,” आत्या म्हणाली.

चोरी नव्हती. त्या साइटवर घड्याळ ठरल्या वेळी थांबतं, कुणासाठी वाढत नाही. आठवडाभर आधी बोली लावली की आपल्याला हे हवंय असं आपण सगळ्या जगाला ओरडून सांगतो, आणि जगाकडे विचार करायला आठवडा असतो. शेवटच्या सेकंदांत लावली तर समोरच्याला विचार करायला वेळच उरत नाही. हे मी तिला समजावून सांगितलं. ती दोरा ओढत ऐकत होती.

“म्हणजे आठवडाभर गप्प बसायचं,” ती म्हणाली.

“हो.”

“जमेल मला?”

मी छताकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघून नाक मुरडलं.

साइटवर तसं दुसरं मशीन यायला अडीच महिने लागले. गंजलेलं होतं, पण हात शाबूत दिसत होता. या वेळी आम्ही सात दिवस त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे मी पाहिलं नाही. आत्यानं पाहिलं असावं, पण हात लावला नाही. दुकानातल्या इंटरनेटवर बटण दाबल्यापासून बोली पोचायला किती वेळ लागतो ते मी बिनमहत्त्वाच्या एका लिलावात मोजलं होतं. दीड सेकंद. म्हणून चार सेकंद उरले की दाबायचं असं ठरलं. त्या नादात आमच्या गळ्यात एक छत्रीची मूठ पडली, ती अजून कोपऱ्यात आहे.

चार सेकंदांना आत्यानं बटण दाबलं. तिचा हात अगदी स्थिर होता. चामडं कापणारीचा हात, तो कशाला हलेल. पान गोल गोल फिरलं आणि निकाल आला. जुनं लोखंड. आमच्यापेक्षा फक्त एक पायरी वर.

“एक पायरी,” आत्या म्हणाली. दिवसभर तेच. चहा करताना, दुकान झाडताना. “अगं, एकच पायरी. आणखी एवढंसं लिहिलं असतं तर आपलं होतं.”

“नाही गं. त्यानं किती लिहिलं होतं ते आपल्याला दिसत नाही. जो जिंकतो त्याचा आकडा साइट आपल्याहून एका पायरीवर नेऊन ठेवते. कदाचित त्यानं दुप्पट लिहिलं असेल.”

“आणि कदाचित नसेल.”

“कदाचित नसेल,” मी कबूल केलं. “पण तू आकडा काय म्हणून लिहिला होतास?”

ती जरा घुटमळली. “म्हटलं, स्वस्तात मिळालं तर बघू.”

तिथंच गोम होती. शेवटचा सेकंद साधणं सोपं होतं, तो घड्याळानं साधता येतो. पण त्या सेकंदाला आपण एकदाच बोलतो. जे बोलायचं ते खरं बोलावं लागतं. ‘बघू’ म्हणून चालत नाही.

तिसरं मशीन आलं तेव्हा मी एक अख्खी दुपार मागच्या खोलीत तिच्यासमोर बसले. ती शिवत होती, मी विचारत होते.

“तू अजून किती वर्षं काम करणार?”

“आठ. दहा म्हणाले असते, पण गुडघे ऐकतायत.”

“हातानं एक जोड शिवायला मशीनपेक्षा किती वेळ जास्त लागतो?”

“दहा दिवस. आणि अंगठा.”

“आता एक आकडा सांग.”

तिनं सांगितला.

“समजा या आकड्याच्या एकच पायरी वर जाऊन मशीन दुसऱ्याला मिळालं. रडू येईल?”

“येईल.”

“मग तो तुझा आकडा नाही. वाढव.”

तिनं वाढवला. मी पुन्हा तेच विचारलं. असं चार-पाच वेळा झालं. ती चिडली, म्हणाली, तू रक्त काढतेस ते कामावर काढ, इथं नको. मग एका आकड्याला तिनं आरी खाली ठेवली आणि बराच वेळ साच्यांच्या भिंतीकडे बघत राहिली.

“आता नाही येणार रडू,” ती म्हणाली. “चरफडेन. दोन दिवस कुणाशी धड बोलणार नाही. पण त्या मुलीच्या आईच्या नजरेला नजर देऊ शकेन. जे करता येण्यासारखं होतं ते केलं म्हणून सांगेन.”

तिनं चामड्याच्या एका तुकड्यामागे पेन्सिलीनं तो आकडा लिहिला आणि माझ्या हातात दिला. पहिल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

लिलाव मंगळवारी दुपारी दोन चाळीसला संपणार होता. मी पाळी बदलून घेतली. दोन छत्तीसला दुकानाचं दार उघडलं आणि पोस्टमन आत आला, टाच निघालेला बूट हातात घेऊन.

“बसा,” आत्या म्हणाली. “चार मिनिटं बोलू नका.”

तो एक पाय मोज्यावर ठेवून निमूट बसला. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, पण श्वासही जपून घेत होता. आकडा मी आधीच भरून ठेवला होता. दहा. सात. सात सेकंदांना जुनं लोखंडची बोली आली, नेहमीसारखी. चार. आत्यानं दाबलं. पान फिरलं. तीन सेकंद फार मोठे असतात. तेवढ्यात मला तिच्या मानेवरची शीर दिसली, पोस्टमनचं मोज्यातलं भोक दिसलं, टेबलावरचा मेणाचा गोळा दिसला.

‘तुमची बोली मागे पडली.’

“काय झालं?” पोस्टमननं हळूच विचारलं.

“गेलं,” आत्या म्हणाली. “आणा तो बूट.”

तिनं टाच ठोकून दिली. मी इतकं गणित केलं होतं, सेकंद मोजले होते, तिला भरीस पाडलं होतं. पोस्टमन गेल्यावर मी म्हणाले, “सॉरी, आत्या.”

“तुझं काय चुकलं? मी खरं तेच बोलले. त्याला माझ्याहून जास्त हवं होतं, एवढंच.” ती हात पुसत होती. खरंच तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मागच्या दोन वेळेला ती आठवडाभर धुमसली होती, त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला होता. आज काहीच नाही. मग तिनं विचारलं, “त्याला तिथून लिहिता येतं का गं?”

“कुणाला?”

“जुन्या लोखंडाला.”

निरोप पाठवायची सोय होती. आठ महिने आम्ही त्या पानावर होतो, पण मला एकदाही सुचलं नव्हतं. आत्यानं सांगितलं आणि मी लिहिलं:

‘तुम्ही तीन मशीनं घेतलीत. माझी तक्रार नाही. मी अडचणीच्या पायांचे बूट शिवते. माझ्या मशीनचा हात मोडला आहे, बाकी सगळं ठीक आहे. तुम्ही मशीन मोडीत काढणार असाल तर हात तेवढा वेगळा ठेवा, मी योग्य ते देईन. मोडीत काढणार नसाल तर त्याला रोज तेल घाला. आठवड्यानं नाही, रोज.’

शेवटचं वाक्य काढू या, असं मी म्हणाले. ती म्हणाली, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

तीन दिवसांनी उत्तर आलं, चांगलं दोन पानी. ते गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त होते. त्यांचा मुलगा आणि सून डोंगर चढायचे बूट शिवतात, त्यांच्यासाठी ते एक मशीन उभं करत होते. पहिलं घेतलं त्याच्या गिअरचे दात झडलेले निघाले. दुसरं गिअरसाठी घेतलं, तर तो गंजून एकजीव झालेला. तिसरं धडधाकट निघालं. त्यामुळे पहिल्याचा हात रिकामाच होता, गॅरेजमध्ये, पोत्याखाली. ‘तुम्ही आधी का नाही विचारलंत?’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पण मी तरी कुठं विचारलं. पहिल्या लिलावात समोर कुणीतरी फार हट्टी आहे एवढं दिसत होतं. मला वाटलं, मोठा व्यापारी असणार.’

आत्यानं मला ते पुन्हा वाचायला लावलं. “मोठा व्यापारी,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या फाटक्या एप्रनकडे बघून खूप वेळ हसत राहिली.

उत्तराच्या शेवटी लिहिलं होतं: ‘तेल रोज घालतो.’

पुढच्या गुरुवारी ते बसनं आले. सडपातळ, सत्तरीच्या आसपासचे, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेला मशीनचा हात. आत्यानं आधी त्यांचे बूट पाहिले, मग चेहरा.

“उजवीकडे झुकून चालता,” ती म्हणाली.

“चाळीस वर्षं टूलबॉक्स त्या हातात होता.”

“दिसतंय. आत या.”

हात बसवायला अख्खा दिवस गेला. एकाच कारखान्यातली मशीनं, तरी एक बोल्ट केसभर सरकलेला निघाला. लिफ्टवाले काका कानस घेऊन बसले, घासायचे, लावून बघायचे, पुन्हा काढायचे. आत्या दिवा धरून उभी, मधेमधे सूचना करत. ते अर्ध्या सूचना ऐकत होते, अर्ध्या ऐकू न आल्याचं दाखवत होते.

जेवताना मी त्यांना विचारलं, “काका, तुम्ही बरोबर सात सेकंदांनाच का बोली लावता? आम्ही चार ठरवले होते. सातमध्ये काही युक्ती आहे का?”

“युक्ती कसली,” ते म्हणाले. “माझं इंटरनेट हळू आहे. बारा उरले की दाबतो, पाच सेकंद तर पोचायलाच लागतात.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या सात सेकंदांवर मी एक वही भरली होती.

“आणि आकडा?” आत्यानं विचारलं. “आकडा कसा ठरवता?”

“सुनेला विचारतो. ती म्हणते, यापुढे गेलात तर घरी येऊ नका. तो लिहितो.”

दुपारनंतर मशीन फिरलं, पण टाका सुटत होता. सुई खाली जायची आणि दोरा न घेताच वर यायची. काकांनी मशीनला कान लावला, चाक हळूहळू हातानं फिरवलं, एक स्क्रू पाव फेरा मागे घेतला. पुन्हा सुटला. आत्यानं दोऱ्याला आणखी मेण चोळलं. तिसऱ्या खेपेला टाका धरला. मग दुसरा, तिसरा, रांगेनं. आत्यानं मुलीचा उजवा बूट उचलला, त्या हातावर चढवला आणि चार मिनिटांत अख्खा सोल शिवून खाली ठेवला. मग सुजलेला अंगठा दुसऱ्या हातात धरून जरा वेळ बसून राहिली.

काकांनी हाताचे म्हणून जे पैसे मागितले ते आत्याच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाइतकेही नव्हते. तिनं घासाघीस केली नाही. फक्त म्हणाली, “एक पाय या टेबलावर ठेवा,” आणि टेप काढली. ते नको नको म्हणत राहिले, ती माप घेत राहिली.

शनिवारी मुलगी आली. नवे बूट घालून सिग्नलपर्यंत गेली, परत आली, म्हणाली, “उजवा बोलतो. करकर, करकर.”

“आठवडाभर बोलेल,” आत्या म्हणाली. “मग गप्प होईल.” आई या वेळी दारात उभी राहिली नाही, आत येऊन स्टुलावर बसली आणि घरच्या गोष्टी सांगायला लागली. तिला इतकं बोलता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

लिफ्टवाल्या काकांकडे एक यादी होती. हे मशीन असलेल्या नऊ जणांची, गावोगावची. लिलाव बघता बघता त्यांनी ती जमवली होती. दहावा नंबर त्यांनी आत्याचा लिहिला आणि यादी सगळ्यांना पाठवून दिली.

महिन्याभरानं मी दुकानात असताना फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला. कुणी अनोळखी बाई होत्या, घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या. आवाज घाबराघुबरा. त्यांचं मशीन बंद पडलं होतं, साइटवर तसंच एक आलं होतं आणि परवा संपणार होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आम्हाला शेवटच्या सेकंदाची बोली फार चांगली येते. किती सेकंद उरल्यावर दाबायचं ते त्यांना हवं होतं.

मी तोंड उघडलं. चार, असं सांगणार होते, सकारण. पण आत्यानं हातातला बूट बाजूला ठेवून फोन स्वतःकडे ओढला.

“सेकंदांचं माझी भाची सांगेल,” ती म्हणाली. “आधी मला सांगा, तुमच्या मशीनचं नेमकं काय मोडलंय?”

बाई सांगू लागल्या. आत्यानं पायानं स्टूल जवळ ओढलं, कानामागची पेन्सिल काढली आणि लिहून घ्यायला लागली.